न दुखणारा डोळा

घोडेगावच्या पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर कित्येक वर्षं सोमणबाईंचा डोळ्यांचा दवाखाना होता. लोकांना वाटायचं, आमचं साटंलोटं असणार. बाई नंबर काढणार, शेठ चष्मा देणार, दोघांचं चांगलं चाललंय. असं वाटणाऱ्यांनी एकदा माझ्या गल्ल्यावर येऊन बसायला हवं होतं. वरून आवाज यायचा, "चष्मा कशाला? चष्म्यानं काय होणार आहे तुमच्या डोळ्याचं?" आणि जिना उतरलेला माणूस माझ्या दुकानाकडे ढुंकूनही न बघता सरळ चालू लागायचा. आमचं घराणं मारवाडातून इथे येऊन तीन पिढ्या झाल्या, पण धंद्यावर असं पाणी फिरवणारा शेजार माझ्या आजोबांनीही पाहिला नसेल.

स्वतः बाईंचा चष्मा म्हणजे माझ्या दुकानाची बदनामी होती. एक काडी मोडलेली, तिथे शिवणाचा दोरा गुंडाळलेला. मी नवी फ्रेम फुकट देऊ केली, तर म्हणाल्या, "हिच्यातून दिसतंय ना? मग." बुटक्या, अंगानं रुंद, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि चालणं असं की जिन्याच्या पायऱ्यांनी काहीतरी गुन्हा केला असावा. चहा मागवायच्या आणि तो गार होईपर्यंत विसरायच्या. मग गार चहा पिऊन चहावाल्याला बोलायच्या.

त्यांची आणखी एक खोड सगळ्या तालुक्याला माहीत होती. पेशंट डोळा दाखवायला बसला की त्या म्हणायच्या, "गुडघा दाखव आधी." मग कंबर धरते का, तोंडात फोड येतात का, अंगावर चट्टे आहेत का, खोकला किती दिवस आहे, असं सगळं विचारून झाल्यावर कुठे डोळ्याची पाळी. लोक हसायचे. "डोळ्याची बाय गुडघं तपासती, आता गुडघ्याच्या डॉक्टरकडं डोळं दाखवायचं का राव?" असा विनोद स्टँडवर कायम चालायचा. बाईंच्या कानावर तो जायचा आणि त्या आणखी चिडायच्या.

त्यांचं सगळं वैर एका आजाराशी होतं. डोळ्याच्या आत, बाहेरून दिसत नाही अशा पडद्याला सूज येते. वेळेत ओळखली तर औषधानं दबते, नाही ओळखली तर नजर खाऊन टाकते. त्याचं मोठं इंग्रजी नाव त्या एकदाच बोलल्या असतील. मला त्यांनी तो आजार समजावला तो असा: "शेठ, तरणा बोंबलतो, म्हातारा सोसतो आणि पोर गप्प बसतं. सूज तिघांच्याही डोळ्यात, पण तिघांची तऱ्हा निराळी. आणि तुमचे लोक फक्त बोंबलणाऱ्याचं ऐकतात." 'तुमचे लोक' म्हणजे कोण, हे मी कधी विचारलं नाही. त्यात मी होतोच.

बोंबलणारा तरणा म्हणजे शिनोलीचा संतोष. भीमाशंकरच्या रस्त्यावर जीप चालवायचा. श्रावणात एकदा डोळ्यावर हात धरून माझ्या दुकानात आला. "शेठ, लई काळा गॉगल द्या. उजेड खुपतोय राव, सुईवानी." बाहेर आभाळ गच्च भरलेलं, ऊन औषधालासुद्धा नव्हतं. मी आपला गॉगल काढून दिला. गिऱ्हाईक कशाला विचारायचं, उजेड कुठला? तेवढ्यात बाई चहावाल्याला बोलायला खाली आल्या, आणि त्यांनी संतोषच्या नाकावरून गॉगल काढूनच घेतला. डोळा लालबुंद, पाणी गळत होतं.

"केव्हापासून?"

"चार रोज झालं. डोळं आल्यात म्हनून मेडिकलवाल्यानं थेंब दिल्यात."

"डोळे येतात तेव्हा चिकट घाण येते. तुला येतेय का? नाही. कंबर दुखते?"

संतोष माझ्याकडे बघून हसला. गुडघ्याचा विनोद त्यालाही माहीत होता. "जीप चालवतो बाई, कंबर दुखनारच की. भीमाशंकरचा रस्ता बघितलाय का तुमी?"

"गाडी चालवून आल्यावर दुखते की सकाळी उठताना?"

त्याचं हसू थांबलं. "सकाळी. उठताना पार लाकूड व्हती. मंग जरा हाललं का मोकळी व्हती."

"कामानं दुखलेली कंबर झोपेनं बरी होते. तुझी झोपेनं आखडते. वर चल."

त्या दिवशी माझ्या गॉगलचं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. पण संतोषचा डोळा महिनाभरात शांत झाला, सूज मुळात जिथून आली त्या कंबरेसाठी बाईंनी त्याला पुण्याला धाडलं, आणि तो त्यांचा भक्त झाला. पुढे दोनदा डोळा लाल झाला तेव्हा तो वाटेत कुठे न थांबता थेट जिन्यावर आला. बाई म्हणायच्या, "हा सोपा. याला दुखतं. दुखतं म्हणून येतो." या वाक्यातली कडवट चव मला तेव्हा कळली नव्हती.

सोसणारा म्हातारा म्हणजे जुन्नरकडचे एक निवृत्त गुरुजी. मोफत मोतीबिंदू शिबिराची गाडी पेठेत उभी होती. म्हातारा माणूस आणि अंधुक नजर म्हणजे मोतीबिंदू, एवढ्या हिशेबावर ती गाडी भरत होती. बाईंनी सहज टॉर्च मारून बघितलं आणि गुरुजींना हात धरून खाली उतरवलं. केवढा गदारोळ! बाई लोकांना शिबिराला जाऊ देत नाहीत, स्वतःचा दवाखाना चालवायचाय, असं एक जण मोठ्यानं म्हणाला. गुरुजी बिचारे सगळ्यांची समजूत काढत होते. "असू द्या बाई. वय झालं. डोळ्यांनी तरी किती साथ द्यायची?"

'वय झालं' हे दोन शब्द ऐकले की बाईंचा पारा चढायचा. "वय हा आजार नाही, गुरुजी. तुमच्या डोळ्यात मागच्या बाजूला गढूळ आलंय. डोळ्यासमोर माश्या उडताहेत ना? कधीपासून?" तर सात-आठ महिन्यांपासून. कुणाला बोलले नव्हते. सुनेला कशाला त्रास.

औषधानं गढूळ उतरलं आणि औषध थांबताच परत आलं. परत उतरलं, परत आलं. बाई झोप उडाल्यासारख्या वागू लागल्या. "म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यात सूज अशी ये-जा करायला लागली, की ती सूजच आहे का, हे विचारायचं असतं शेठ. तरण्यात हा प्रश्न सहसा पडत नाही." पुण्याला तपासण्या झाल्या. सूज नव्हतीच. सुजेचं सोंग घेऊन एक प्रकारचा कर्करोग डोळ्यात येऊन बसला होता. वेळेत सापडला, उपचार झाले, गुरुजींना पुढे बरीच वर्षं मिळाली. पण पेठेत काय बोललं गेलं? "बाईनं चांगला मोतीबिंदू सोडून क्यान्सर काढला." त्यानंतर वर्षभर म्हातारी माणसं तो जिना चढायला घाबरायची. मी माझ्या परीनं समजावून सांगायचो, पण चष्मेवाल्याचं कोण ऐकतो?

आणि गप्प बसणारं पोर म्हणजे सोनाली.

तिला दाखवायला कुणी आणलंच नव्हतं. दाखवायचं होतं तिच्या आजीला. आहुप्याची गंगूआजी, कपाळावर नागीण उठलेली, तिचे फोड पापणीपर्यंत उतरलेले, डोळा आतून-बाहेरून सुजून लाल. संतोषनंच जीपमधून आणलं. बरोबर सून, आणि आजीचा हात धरायला सहा-सात वर्षांची नात. मी वर एक फ्रेम पोचवायला गेलो होतो म्हणून पुढचं डोळ्यांनी बघितलं. बाई आजीला गोळ्या समजावून सांगत होत्या, आणि मधेच थांबल्या. पोर बाकावरून उठताना एक पाय ताठ ठेवून उठली होती.

"हिचा गुडघा दाखवा."

सून म्हणाली, "काय न्हाई बाई, पडली व्हती बांधावरनं. सकाळचं जरा लंगाडती, मंग दिवसभर हुंदडती."

गुडघा सुजलेला होता. बाईंनी पोरीच्या डोळ्यावर टॉर्च मारला. मग तिला मशीनसमोर बसवलं, खोलीत अंधार केला. बऱ्याच वेळानं मला जवळ बोलावलं. का ते माहीत नाही. कुणालातरी दाखवल्याशिवाय त्यांना राहवत नसावं. "बाहुली बघा. गोल आहे? एका बाजूनं चिकटलीय. आणि आत बघा." बंद खोलीत कवडशातून धूळ तरंगते ना, तसे बारीक कण त्या डोळ्यात तरंगत होते. दोन्ही डोळ्यांत. आणि बाहेरून बघाल तर डोळे पांढरेशुभ्र, टपोरे, फोटोत काढावेत असे.

"दुखतं का गं?" बाईंनी विचारलं.

सोनालीनं मान हलवली. नाही.

"पाणी येतं? उजेड खुपतो?"

नाही.

"शाळेत डोळे तपासले होते?"

"व्हय. पास झाले," पोर अभिमानानं म्हणाली. पुढच्या पोरांनी वाचलेली अक्षरं ऐकून पाठ केली होती. बाईंचा तक्ताही तोच, म्हणून इथेही डावा डोळा झाकल्यावर बरोबर म्हटली, उजवा झाकल्यावरही बरोबर म्हटली. बाईंनी तक्ता उलटा टांगला, तेव्हा उजवा झाकलेला असताना ती गप्प राहिली.

सांध्यांचा आजार होता, लहान मुलांना होणारा, आणि तोच डोळ्यात उतरला होता. बाईंनी सुनेला सगळं सांगितलं. थेंब रोज, तासातासाला. पुण्याला सांध्यांच्या डॉक्टरकडे. आणि दर महिन्याला इथे, डोळा चांगला दिसला तरी. "चांगला दिसला तरी" हे त्या तीनदा बोलल्या. सून मान डोलवत होती. त्या मान डोलवण्यात 'हो' नव्हतं, बाई रागावू नयेत एवढंच होतं.

आजी औषधानं बरी झाली. सोनाली पुण्याला एकदा गेली. मग हिरडा गोळा करायचे दिवस आले, सगळं घर रानात, कोण येणार? मग पाऊस, मग भाताची लावणी. बाई रोज संतोषला विचारायच्या, आहुप्याची माणसं दिसली का? आणि तो नाही म्हणाला की वर जाऊन पुढच्या पेशंटला फाडून खायच्या.

ती परत आली ती भात कापून झाल्यावर, आणि तेसुद्धा आजीचाच डोळा पुन्हा लाल झाला म्हणून. वरून बाईंचा आवाज आला, तो मी त्याआधी ऐकला नव्हता. रागाचा आवाज मला पाठ होता. हा वेगळा होता. मी जिना चढून गेलो. सोनालीच्या डाव्या डोळ्याच्या काळ्या भागावर पांढरट पट्टा आला होता आणि आत मोतीबिंदू धरला होता. सात वर्षांच्या पोरीला मोतीबिंदू.

"थेंब घातले नाहीत?"

"घातलं की," सून म्हणाली. "बाटली सरली."

"किती दिवसांत सरली? कुणाच्या डोळ्यात घातले?"

सून आजीकडे बघायला लागली. गंगूआजी ताठ बसून म्हणाली, "माझ्या. माझा डोळा आग करीत व्हता. पोरीचा डोळा चांगला पांढराधोट, ना दुखं ना खुपं. चांगल्या डोळ्यात औशिद घालून त्यो बिघडवायचा का? घरात जो दुखत्यो त्येला औशिद. तू शिकलेली हाईस बाई, तुला एवढं कळंना?"

मला वाटलं, आता छप्पर उडणार. पण बाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तोंड पेठेकडे, आमच्याकडे पाठ.

नंतर, सगळे गेल्यावर, मला म्हणाल्या, "तिच्यावर काय चिडू? तिचं गणित बरोबर आहे. जो दुखतो त्याला औषध. जगात सगळीकडे हेच चालतं. हा आजारच हरामखोर आहे. म्हातारीला बोंबलायला लावतो आणि पोरीला गप्प बसवतो." चष्मा काढून त्या डोळे पुसत होत्या. मी खाली उतरलो. माझ्याही डोक्यात संताप होता, पण तो कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. आजीवर नाही. सुनेवर नाही. शाळेत तक्ता टांगून 'पास' म्हणणाऱ्यावर काढावा, तर त्याला एका दिवसात किती शाळा उरकायच्या होत्या! शिबिरवाल्यांवर काढावा, तर म्हाताऱ्यांना दिसायला लागत होतं, हेही खोटं नव्हतं. त्या दिवशी मी गिऱ्हाइकांशी वाईट वागलो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाईंनी संतोषबरोबर दोन बाटल्या आहुप्याला धाडल्या. आजीची वेगळी, तिला लाल दोरा बांधलेला. सोनालीची वेगळी, तिला पांढरा. आणि निरोप: "लाल डोळ्याला लाल दोरा, पांढऱ्या डोळ्याला पांढरा. अदलाबदल केलीत तर मी स्वतः येईन." संतोष सांगत होता, आजी म्हणाली, "येऊ दे की. भाकरी खाऊ घालीन." पण त्यानंतर अदलाबदल झाली नाही. म्हातारीला आपली बाटली मिळाली होती, मग पोरीची कशाला घेईल? एवढी साधी गोष्ट आधी सुचली नाही, म्हणून बाई स्वतःला कितीतरी दिवस शिव्या देत होत्या.

डावा डोळा गेल्यातच जमा झाला. पुढे पुण्याला शस्त्रक्रिया झाली, उजेड आणि माणसाचा आकार कळतो, तेवढंच. उजवा राहिला. तो एक उजवा डोळा राखायला बाईंनी जी वर्षं घातली, ती मी खालून ऐकली आहेत. दर महिन्याला संतोषची जीप थांबायची, सोनाली माझ्या बाकावर पाय लोंबकळत ठेवून बसायची, मग वरून हाक यायची, "सोनाली, वर ये! गुडघा दाखव आधी!" ती वाढत गेली, लोंबकळणारे पाय जमिनीला टेकले, वेण्या लांबल्या. बाई तिला एकदाही शाब्बास म्हणाल्या नाहीत. एखाद्या महिन्यात चुकली की मात्र पेठभर ऐकू जायचं.

"दुखत न्हवतं म्हनून न्हाई आले," एकदा ती म्हणाली.

"दुखत नाही म्हणूनच यायचं! किती वेळा सांगू? दुखलं असतं तर तुझ्या आईनं तुला पाठीवर घेऊन आणलं असतं. दुखत नाही म्हणून यायचं!"

सत्तरी ओलांडल्यावर बाईंचे स्वतःचे गुडघे बोलायला लागले. मुलगा पुण्यात, तो मागे लागला. दवाखाना चालवायला कुणी तरुण डॉक्टर मिळावा म्हणून त्यांनी खूप खटपट केली. एक आला होता. चांगला मुलगा, गोड बोलणारा. त्यानं वर सगळं बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, महिन्याला मोतीबिंदू किती होतात?" बाईंनी त्याला चहा पाजला, चक्क गरम असतानाच, आणि निरोप दिला. दुसरा आलाच नाही. मग एक दिवस टेम्पो आला आणि ते मशीन, ज्यात मी तरंगती धूळ बघितली होती, पुण्याला एका धर्मादाय दवाखान्यात गेलं. बोर्ड उतरवला. त्याच्या मागच्या भिंतीवर चुन्याचा स्वच्छ चौकोन राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई निघाल्या. मुलानं पाठवलेली गाडी दारात. मी नारळ आणि एक नवी फ्रेम हातात घेऊन उभा होतो. फ्रेम त्यांनी परत दिली. "हिच्यातून दिसतंय अजून." मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, शेजार म्हणून. पण तेवढ्यात संतोषची जीप आली आणि तिच्यातून सोनाली उतरली, आता नववीतली, आणि तिनं हाताला धरून एक चार-पाच वर्षांची पोर उतरवली. मागे पोरीची आई, ओशाळलेली.

बाई म्हणाल्या, "तुझी तारीख आज नाही. आणि मी चाललेय. पुण्याचा पत्ता दिलाय ना?"

"माझं न्हाई, बाई. हिचं." सोनालीनं पोरीला पुढे केलं. "आमच्या शेजारची हाय. सकाळी उठताना गुडघा धरती."

पोरीची आई म्हणाली, "मी म्हनलं, डोळ्याला काय झालंय हिच्या? लाल न्हाई, दुखत न्हाई. पर ही ऐकंचना."

"दुखत न्हाई," सोनाली म्हणाली, "म्हनून आनली."

बाई एकदम भडकल्या. "काल मशीन गेलं! काल! एक दिवस आधी यायला काय धाड भरली होती?"

"काल जीप न्हवती बाई."

"जीप नव्हती! कधी जीप नाही, कधी हिरडा, कधी भात! मी काय डोळ्यांनी नुसतं बघून सांगू का? माझ्या काय भिंग बसवलंय कपाळात?" बोलता बोलता त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं होतं. मुलानं नीट रचून ठेवलेल्या पिशव्या त्या एकेक करून बाहेर काढत होत्या आणि माझ्या हातात देत होत्या. "ह्या राहू द्या तुमच्याकडे. बसा गं आत. तूही बस, सोनाली. आई, तुम्ही पुढे बसा. पुण्याला मशीन आहे, तिथे बघते."

ड्रायव्हर काहीतरी म्हणायला गेला, त्याला एका नजरेत गप्प केलं. मी दोन्ही हातांत त्यांच्या पिशव्या, काखेत नारळ आणि बोटांत ती परत केलेली फ्रेम धरून फुटपाथवर उभा राहिलो. त्यांनी माझा निरोपसुद्धा घेतला नाही. गाडी हलली तेव्हा मागच्या काचेतून त्यांचा पांढरा अंबाडा खाली वाकलेला दिसला, आणि पेठेच्या वळणापर्यंत तो आवाज ऐकू येत राहिला, "रडू नकोस. गुडघा दाखव आधी."